कापल्यानंतरचा उपचार : पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राची हकीकत

गोव्यातल्या मांद्र्यातून निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्यातल्या एका लष्करी संस्थेचा इतिहास छापायचं प्रयोजन काय, असं कुणीही विचारील. कारणं दोन आहेत. दुसरं लेखाच्या शेवटी येईल, पहिलं म्हणजे भाऊ दाजी. रामचंद्र विठ्ठल लाड १८२२ साली या गावात जन्मले, पोरवयात मुंबईला गेले आणि तिथे डॉक्टर भाऊ दाजी लाड झाले. गावाला त्यांचा अभिमान आहे, पण तो बहुधा शिलालेख लावणारे पंडित आणि राणीच्या बागेतल्या म्युझियमला १९७५ साली ज्यांचं नाव दिलं ते गृहस्थ, एवढ्यावरच थांबतो. ते वैद्यक शिकले कोणत्या वर्षांत, याकडे कुणी फारसं पाहत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं आणि त्याची पहिली तुकडी १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडली. भाऊ दाजी त्या तुकडीतले.

नेमक्या याच सहा वर्षांत शस्त्रक्रियेचं जग उलटंपालटं झालं. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथर हुंगवून पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरात लंडनच्या रॉबर्ट लिस्टनने ईथरखाली एका रोग्याची मांडी कापली. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. तोवर पाय कापायचा म्हणजे चौघांनी माणूस दाबून धरायचा आणि सर्जनने घाई करायची. लिस्टनची ख्याती होती ती त्याच्या हाताच्या वेगासाठी. क्लोरोफॉर्म आल्यावर सर्जनला कापताना विचार करायला सवड मिळाली. लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ साली छापून आली तेव्हाही भाऊ दाजी हयात होते. १८७४ साली ते गेले. म्हणजे अवयव कापणं हा निव्वळ अघोरी प्रकार न राहता उपचार म्हणून उभा राहिला, तो सगळा काळ मांद्र्याच्या या डॉक्टरच्या आयुष्यात बसतो.

पण उपचाराचा हा निम्माच भाग. पाय कापला, जखम भरली, माणूस जगला. पुढे काय? या प्रश्नाला आपल्याकडे संस्था म्हणून उत्तर मिळायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली.

खरं तर हा प्रश्न पुण्याच्या दारात त्याआधीच येऊन बसला होता. टिपू सुलतानाशी १७९२ साली संपलेल्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी बैलवाला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. पुढे पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह ती हकीकत छापून आली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात ती असते, आणि आपण मराठी माणसं ती छाती फुगवून सांगतो. कावसजीच्या तुटलेल्या हाताबद्दल मात्र कुणी बोलत नाही. नाक मिळालं, कंपनीची पेन्शन मिळाली, हाताचं काही झालं नाही. पुण्यात तेव्हा नाक करणारा होता, हात करणारा नव्हता.

ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला लोखंडी पाय दिल्याची कथा आहे, हे मला ठाऊक आहे. कृत्रिम पायावरच्या बहुतेक भाषणांची सुरुवात तिच्यापासूनच होते. कावसजीला तिचा काही उपयोग झाला नसता, एवढंच म्हणतो.

सैनिकाचा हात किंवा पाय कापायचा कशासाठी, हे आधी समजून घ्यायला हवं. बंदुकीची गोळी हाड नुसतं मोडत नाही, त्याचा चुरा करते, आणि अंगावरच्या कपड्याची चिंधी, माती, शेण सगळं मांसात खोल नेते. प्राणवायू न लागणारे जंतू त्या मेलेल्या मांसात वाढतात, पाय फुगतो, दाबला की आत वायू चुरचुरतो. हा गॅस गँगरीन. अशा वेळी पाय वाचवायला थांबलं की माणूस जातो. नेपोलियनचा सर्जन लारे याने म्हणूनच आग्रह धरला की कापायचं तर पहिल्या चोवीस तासांत कापा, सूज आणि ताप चढायची वाट पाहू नका. १८१२ च्या बोरोडिनोच्या लढाईत आपण एका दिवस-रात्रीत दोनशे अवयव कापले, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. आकडा ऐकून अंगावर काटा येतो, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. उशिरा कापलेले जास्त मरत.

हिंदुस्थानी शिपायाच्या बाबतीत हा सगळा प्रश्न पहिल्या महायुद्धाने एकदम मोठा केला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या; कोकणातल्या, देशावरच्या घरांतली मुलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली आणि टाउनशेंडच्या बाजूचे चार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या होत्या. मोडलेली मांडी घेऊन त्या गाडीत मैलोनमैल हादरे खायचे, मग बोटीच्या उघड्या डेकवर दिवसेंदिवस पडून राहायचं, तेव्हा कुठे बसरा. त्या हलगर्जीपणाची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ साली आला आणि ब्रिटिश पार्लमेंटात मोठा गदारोळ झाला. टेसिफोनहून मागे फिरलेली फौज कूटला वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शस्त्रं खाली ठेवावी लागली.

बसऱ्याहून जखमींची जहाजं मुंबईला लागत. शहरातल्या मोठ्या इमारतींत लष्करी इस्पितळं निघाली. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती इमारतही तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. तिथे मूर्ती यायच्या आधी जखमी सैनिक आले. त्यांतले पुष्कळ जण एक पाय किंवा एक हात गमावलेले. जखम भरली की त्यांना पेन्शनचा कागद देऊन गावी पाठवायचं, इतकीच तेव्हाची रीत. खेड्यात परतलेल्या थोट्या शिपायाने नांगर कसा धरायचा, याचा विचार सरकारी कागदात बसत नव्हता.

तो विचार पहिल्यांदा संस्थेच्या रूपात आला १९१७ साली. मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल मुंबईत सुरू झालं. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेलं आणि आजही तिथेच आहे. इथे औषध नव्हतं, धंदा होता. शिवण, यंत्रकाम, एका हाताने किंवा लाकडी पायावर उभं राहून करता येईल असं कुठलंही काम शिकवायचं. राणी मेरीचं नाव इंग्लंडातही अशाच कामाला चिकटलेलं होतं. लंडनजवळ रोहॅम्प्टनचं अवयव गमावलेल्यांचं इस्पितळ तिच्या नावाचं होतं आणि ब्रायटनच्या राजवाड्यातला कारखानाही. त्या राजवाड्याची गंमत अशी की १९१४ च्या डिसेंबरापासून वर्षभर तिथे हिंदी जखमींना ठेवलं होतं. ते हलवल्यावर तीच जागा पाय-हात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना दिली गेली आणि तिथे त्यांच्यासाठी शिक्षणाची सोय झाली. त्या महायुद्धात अवयव गमावलेले एकटे ब्रिटिश सैनिकच ४१ हजारांच्या आसपास होते. हिंदी शिपायाच्या वाट्याला तेच शिक्षण आलं, पण मायदेशी परतल्यावर, दोनेक वर्षं उशिरा.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत शस्त्रक्रिया खूप पुढे गेली. मोडलेल्या मांडीला रणभूमीवरच थॉमस स्प्लिंट बांधायची पद्धत पहिल्याच युद्धात रुळली होती. आता रक्त चढवणं, सल्फा आणि शेवटी पेनिसिलिन आलं. याचा परिणाम सरळ पण अनपेक्षित झाला. पूर्वी जे मेलेच असते ते वाचू लागले, आणि वाचलेल्यांत एक पाय नसलेले पुष्कळ निघाले. एका गोष्टीत मात्र प्रगती अडून बसली होती. पायाची मोठी धमनी फुटली तर ती बांधून टाकण्यापलीकडे आघाडीवरच्या सर्जनच्या हाती काही नव्हतं. अमेरिकन सैन्यातल्या २,४७१ धमनीजखमांचा अभ्यास डीबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ साली छापला. त्यात शेकडा चाळीसच्या आसपास जणांना अवयव गमवावा लागला होता. धमनी शिवायची पद्धत कोरियाच्या युद्धात रुळली, तेव्हा हे प्रमाण शेकडा तेरावर आलं.

१९४४ साली मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत लढत होत्या. रायगडच्या माणगाव भागातले यशवंत घाडगे त्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पूर्वेला ब्रह्मदेशची आघाडी पेटलेली होती. दोन्हीकडून जखमी येत होते, आणि त्याच वर्षी, १९ मे रोजी, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. लष्करात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, ‘एएलसी’ म्हणतात. पुणं निवडणं साहजिक होतं. मोठी छावणी, मोठी लष्करी इस्पितळं आणि जवळ खडकीला क्वीन मेरीची शाळा. पाय एका ठिकाणी, धंदा दुसऱ्या ठिकाणी.

या केंद्राकडे इस्पितळ म्हणून पाहणाऱ्याला त्याचा निम्मा भाग दिसत नाही, कारण तो निम्मा भाग कारखाना आहे. सुरुवातीच्या काळात कृत्रिम पाय म्हणजे लाकूड, चामडं आणि थोडा धातू. सुताराने पोटरी कोरायची, चामड्याचं काम करणाऱ्याने मांडीभोवतीचा पट्टा शिवायचा, फिटरने गुडघ्याचा सांधा बसवायचा. सर्जनचं काम तिथे सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात लवकर संपतं. पुढे प्लास्टिक आलं, मग कार्बन फायबर, पण क्रम तोच राहिला. उरलेल्या भागाला डॉक्टर आणि जवान दोघेही ‘स्टंप’ म्हणतात. त्याभोवती प्लास्टर घालून साचा घ्यायचा, त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतून स्टंपची हुबेहूब प्रतिमा काढायची, ती कुठे वजन सोसू शकते आणि कुठे नाही हे हाताने चाचपून तिला तासायचं, आणि तिच्यावर सॉकेट घडवायचं. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध वजन घेतो, नडगीचं टोक घेत नाही. सॉकेटात थोडीशी चूक झाली की शंभर पावलांत कातडी सोलवटते. नवा स्टंप महिनोन्महिने आकसत जातो, त्यामुळे पहिलं सॉकेट लवकरच सैल होतं आणि दुसरं करावं लागतं, मग तिसरं. ज्याचा पाय विशीत गेला तो साठीतही मापं द्यायला येतो. एखाद्या शस्त्रक्रियेच्या इस्पितळाशी माणसाचं इतकं लांब नातं क्वचितच असतं.

कारखान्याने सर्जनलाही शिकवलं. पाय कुठे कापायचा याचा निर्णय आता पुढे लागणाऱ्या पायाचा विचार करून होतो. गुडघा वाचवता येत असेल तर वाचवा, कारण गुडघ्यावरून गेलेल्या माणसाला चालताना लागणारी दमछाक गुडघ्याखालून गेलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. हाडाची धार घासून गोल करा. नस ओढून वरच कापा म्हणजे तिचं टोक मांसात आत सरकेल, सॉकेटखाली चेंगरणार नाही. युद्धातली जखम लगेच शिवू नका. उघडी ठेवा, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर मिटवा. हा शेवटचा नियम शिकायला पहिल्या महायुद्धात फार माणसं मेली.

स्वातंत्र्यानंतर केंद्राला रिकामं बसायला सवड मिळाली नाही. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१, मग श्रीलंका, मग कारगिल. प्रत्येक लढाईने जखमेचा वेगळा नमुना पाठवला. हिमालयातून गोळी न लागताच बोटं आणि पावलं काळी पडलेले जवान आले. १९८४ पासून सियाचीनने तर तो पुरवठा कायमचा चालू ठेवला. सुरुंगाची जखम त्याहून फसवी. पावलाखाली फुटलेला सुरुंग पाऊल तर नेतोच, पण माती, बुटाचे तुकडे आणि हाडांचे कपचे पोटरीच्या स्नायूंच्या थरांमधून वर घुसवतो. बाहेरून घोट्याशी दिसणारी जखम आतून गुडघ्यापर्यंत पोचलेली असते, आणि सर्जनला दिसतं त्यापेक्षा बरंच वर कापावं लागतं.

इथे काही नावं घ्यायला हवीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे विजय ओबेरॉय यांचा उजवा पाय १९६५ च्या युद्धात गेला. ते पुढे लष्कराचे उपप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी युद्धजखमींसाठी वॉर वूंडेड फाउंडेशन काढलं. पंकज जोशी यांचे दोन्ही पाय १९६७ साली सिक्कीमच्या सीमेवर सुरुंगाने गेले. तिन्ही दलांचं एकत्र काम पाहणारं इंटिग्रेटेड डिफेन्स स्टाफ २००१ साली निर्माण झालं, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच होते. आणि मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो. १९७१ च्या डिसेंबरात पाचव्या गोरखा रायफल्सबरोबर सिल्हेटजवळ त्यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिया नव्हता, शस्त्रक्रियेचं सामान नव्हतं. लोंबणारा पाय खुकरीने काप, असं त्यांनी आपल्या जवानाला सांगितलं. त्याला ते जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःच कापला. मग व्यवस्थित शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. शत्रूच्या डॉक्टरकडून करून घ्यायला कार्डोझो आधी तयार नव्हते, हे त्यांनीच अनेकदा हसत सांगितलं आहे. पुण्याला त्यांना लाकडी पाय मिळाला. त्या पायावर त्यांनी बटालियन आणि पुढे ब्रिगेड सांभाळली; पण त्याआधी मेडिकल बोर्डापासून लष्करप्रमुखांपर्यंत सगळ्यांशी त्यांना भांडावं लागलं. डोंगर चढून दाखवावा लागला.

मला या तिघांपेक्षा त्या भांडणाचं जास्त महत्त्व वाटतं. संस्थेने पाय दिला, पण पायाबरोबर परत कामही मिळालं पाहिजे हे सैन्याने आपण होऊन मान्य केलं नाही; अधिकाऱ्यांनी ते मान्य करायला लावलं. साध्या शिपायाकडे तेवढं बळ कुठून येणार? त्याच्यासाठी तर खडकीची शाळाच.

आता आपल्या भागाकडे येऊ. विलायती पद्धतीचा कृत्रिम पाय बूट घालण्यासाठी केलेला असतो. बुटाशिवाय त्यावर चालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. मांद्र्याच्या माणसाला जुनासवाड्याच्या वाळूतून चालायचं असतं, पावसात शेताच्या निसरड्या मेरेवरून जायचं असतं, देवळात चप्पल काढून शिरायचं असतं आणि पंगतीत जमिनीवर बसायचं असतं. वाळू तर सपाट, ताठ पावलाला सगळ्यात वाईट. टाच रुतली की गुडघा मागे ढकलला जातो. हा प्रश्न सोडवला १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या जोडीने. रबर आणि लाकूड घेऊन त्यांनी सगळ्या बाजूंना वाकणारं, बुटाची गरज नसलेलं पाऊल केलं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा मास्तरांचं नाव त्यामानाने कमी घेतलं जातं, आणि कारागिराचं नाव कमी घेण्याची आपली ही रीत कावसजीचं नाक करणाऱ्या त्या माणसापासून चालत आली आहे. त्याचं तर नावही छापलेलं नाही.

लेखाच्या सुरुवातीला दुसरं कारण राखून ठेवलं होतं. पुण्याचं केंद्र लष्कराचं असलं तरी तिथे नागरिकांनाही पाय मिळतो, आणि युद्धात कमावलेली ही विद्या आज सगळ्यात जास्त लागते ती ज्यांनी कधी बंदूक पाहिली नाही अशांना. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली छापून आले. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वांत जास्त निघालं, प्रौढांमध्ये शेकडा २६.४. म्हणजे मोठ्या माणसांत चौघांमागे एकाहून जास्त. साखरेने पावलाची संवेदना जाते, वहाणेतला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि एक दिवस बांबोळीच्या इस्पितळातल्या सर्जनला तोच जुना निर्णय घ्यावा लागतो: बोट, पाऊल, की गुडघ्याखालून?

तेव्हा एएलसीसारख्या केंद्रांत जवानाला पहिल्या दिवसापासून जे शिकवतात ते पेडण्यातल्या घरांतही ठाऊक असायला हवं. पाय कापून घरी आलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली बायकामुलं मायेने उशी ठेवतात. ती ठेवू नये. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर कुठलाही कृत्रिम पाय नीट बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा पालथं झोपवावं म्हणजे खुब्याचा सांधा सरळ राहतो. जखम भरली की डॉक्टरला विचारून स्टंपवर लवचीक पट्टी बांधावी, टोकाला घट्ट आणि वर सैल, म्हणजे तो निमुळता होतो. नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो असं म्हातारा म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नये. ते दुखणं खरं असतं आणि त्यावर उपचार असतात. उरलेल्या पायाचा तळवा रोज रात्री उजेडात पाहावा. आणि टाके निघायच्या आधीच मापं द्यायला कुठे, कधी जायचं ते ठरवून ठेवावं, कारण एकदा खाटेची सवय लागली की मग कुणी उठत नाही.